बंदुकीचा दस्ता आणि नक्कल करणारे यंत्र

कातारी चरकावर लाटणे घडवतो, पाळण्याचे पाय घडवतो. कारण त्या वस्तू गोल असतात. बंदुकीचा लाकडी दस्ता मात्र कुठे चपटा, कुठे बारीक, कुठे बाकदार. असली वाकडीतिकडी वस्तू चरकावर कशी उतरावी?

अमेरिकेतील टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली याचे उत्तर दिले. त्याच्या यंत्रात एक तयार दस्ता नमुना म्हणून बसवीत आणि त्याच चौकटीत अक्रोडाचे ओबडधोबड लाकूड. दोन्ही एकाच गतीने फिरत. नमुन्यावर एक गुळगुळीत चाक टेकलेले असे. तेवढ्याच व्यासाचे, पण धारदार पात्यांचे दुसरे चाक लाकडाला भिडे. नमुन्याचा उंचवटा आला की चौकट मागे सरे व पाते कमी कापी. खळगा आला की अधिक. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात ही रीत रुळली. १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडनेही एनफील्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून दस्ते घडवण्याची यंत्रे नेली.

मग कारागिराचे काम संपले काय? तसे नाही. यंत्र गुणांबरोबर नमुन्यातले दोषही इमानाने उतरवते. म्हणून आजही नेमबाजाच्या हाताला व गालाला जुळणारा दस्ता हवा असेल, तर आधी नमुनाच कुठे छिलून, कुठे लुकण भरून त्याच्या मापाचा करतात. नक्कल किंचित जाड ठेवतात आणि लोखंडी भाग नेमके बसवण्याचे अखेरचे काम पटाशीनेच होते. पूर्वी प्रत्येक दस्त्याच्या पहिल्या घावापासून कसब लागे. आता ते नमुन्यात आणि शेवटच्या हातात लागते, एवढाच फरक.