दाट केसांची निगा

पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी सहाच्या सुमारास एखाद्या मोठ्या चौकात उभे राहिले, तर पहिल्या पाळीला निघालेले कामगार दिसतात. त्यांत मुलीही असतात. कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या या मुलींचे केस नीट पाहा. कोणी अंबाडा घातलेला असतो, तर कोणी घट्ट वेणी वर वळवून पिनांनी बसवलेली असते. यंत्रावर काम करायचे म्हणजे केस असेच आवरावे लागतात. केस दाट असले, तर या कामाला वेळ लागतो आणि थोडी माहितीही लागते.

आधी शब्दाची एक गंमत. उर्दूत केसांना 'बाल' म्हणतात. मराठीत मात्र 'बाल' म्हणजे लहान मूल. बालवाडी, बालदिन हे शब्द तुम्हांला माहीत आहेतच. तेव्हा मराठी बोलताना 'केस' हाच शब्द वापरावा. 'बाल कापायचे आहेत' असे म्हटले, तर ऐकणारा घाबरून जाईल!

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका लहानशा खळग्यातून उगवतो. हे खळगे जवळजवळ असले किंवा प्रत्येक केस जाड असला, म्हणजे केस दाट दिसतात. काहींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी असतात. खळग्यांची संख्या जन्माआधीच ठरलेली असते. ती कोणत्याही तेलाने वाढत नाही आणि कात्रीने कमीही होत नाही. वस्तरा फिरवला की केस अधिक दाट येतात, असे पुष्कळ लोक मानतात. ते खरे नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट होते, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

दाट केस धुताना पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. वरचे केस भिजतात, आतली त्वचा कोरडीच राहते. म्हणून केसांचे चार भाग करावेत आणि एकेक भाग बोटांनी उकलून धुवावा. पाणी कसे आहे, हेही पाहावे. पिंपरी-चिंचवडला नळाचे पाणी मुख्यतः पवना धरणातून येते. काही ठिकाणी मात्र बोअरचे पाणी वापरावे लागते. त्यात क्षार जास्त असले, तर साबणाला फेस येत नाही आणि केसांवर पांढरट चिकट थर बसतो. अशा वेळी साबणाऐवजी शिकेकाई, रिठा किंवा शाम्पू वापरलेला बरा.

दाट केस वाळायलाही वेळ लागतो. ओल्या केसांवर ओढणी किंवा स्कार्फ बांधून शाळेत आले, तर त्वचा दिवसभर दमट राहते, खाज सुटते आणि वासही येतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी केस धुवावेत. विंचरताना रुंद दातांचा कंगवा घ्यावा आणि सुरुवात टोकांपासून करावी. टोकांचा गुंता सुटला की थोडे वरून विंचरावे. मुळापासून एकदम कंगवा ओढला, तर सगळा गुंता खाली जमून घट्ट होतो.

गुंता फार दिवस तसाच राहिला, तर केसांची जट होते. मग तीत कंगवा शिरत नाही. आपल्या महाराष्ट्रात जट कापली तर काही वाईट घडेल, या भीतीने अनेक स्त्रिया ती वर्षानुवर्षे वागवत आल्या. जटेच्या ओझ्याने त्यांची मान दुखते, डोक्यात उवा होतात. पुण्याच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्युटी पार्लर चालवत. पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या म्हणून त्यांनी कितीतरी स्त्रियांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या. कात्री चालवण्यापेक्षा समजूत घालण्यालाच जास्त वेळ लागत असणार.

आता केस विरळ करण्याविषयी. यासाठी वेगळी कात्री मिळते. तिच्या एका पात्याला कंगव्यासारखे दाते असतात. दात्यांमध्ये आलेले काही केस कापले जातात, बाकीचे तसेच राहतात. त्यामुळे लांबी कमी न होता भार हलका होतो. ही कात्री मुळाजवळ मात्र कधीही चालवू नये. तेथे आखूड झालेले केस ताठ उभे राहतात, वरच्या केसांना बाहेर ढकलतात आणि डोके अधिकच फुगलेले दिसते. कापणे मधल्या लांबीच्या खाली आणि आतल्या थरात करावे. केस कुरळे असतील, तर फारच बेताने करावे. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटरच वाढतात. एकदा बिघडलेले काम निस्तरायला वर्षसुद्धा लागते. म्हणून घरी आरशासमोर हा प्रयोग करू नये, जाणत्या माणसाकडून करून घ्यावा.

यंत्राजवळ मात्र विरळ केलेले केसही बांधलेच पाहिजेत. एक हिशेब करून पाहा. साधी विजेची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिचा दांडा २५ मिलिमीटर जाड असेल, तर त्याचा परीघ साडेसात सेंटिमीटरांहून थोडा जास्त होतो. म्हणजे एका सेकंदात त्यावर जवळजवळ १९० सेंटिमीटर लांबीचे केस गुंडाळले जातील. अर्ध्या मीटरच्या वेणीला पाव सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागेल. तेवढ्यात बटण बंद करायला हात पोचत नाही. शिवाय एकेक केस सुमारे ५० ते १०० ग्रॅम भार पेलतो. हजारो केसांची वेणी तुटत नाही, डोक्याची कातडीच सोलून निघते. म्हणून मागे सोडलेली वेणी ही बांधलेली वेणी नव्हे. ती वर वळवून टोपीत घालावी लागते. ओढणीची आणि स्कार्फची टोकेही आत खोचावी लागतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत हजारो तरुणी कामाला लागल्या. व्हेरोनिका लेक ही सिनेमातील नटी तेव्हा एका डोळ्यावर केस मोकळे सोडत असे. मुली तिचे अनुकरण करू लागल्या आणि ते केस यंत्रांत अडकण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा सरकारच्या विनंतीवरून १९४३ साली तिने आपले प्रसिद्ध केस मागे बांधले.

औषधांच्या कारखान्यात टोपीचे कारण निराळे असते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात. त्यांतला एखादा औषधात पडला तर कसे चालेल? म्हणून औषधे बनवण्याच्या जागी पुरुषांनाही टोपी घालावी लागते आणि दाढी असेल, तर दाढीवरही आच्छादन बांधावे लागते.