पेटीतले रंधे

पावसाळ्यात दार फुगलं, कडी बसेना, की काशीदसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आठवण होते ती रंध्याची. कडेवरून चार हात मारले, कुरळ्या ढलप्या निघाल्या, की दार पुन्हा चौकटीत बसतं. रंधा म्हणजे तरी काय? एका पात्याची किसणीच! फारसीत सुताराचा रंधा आणि स्वयंपाकघरातली किसणी, दोन्हींना एकच शब्द आहे, ‘रंदे’. आपला ‘रंधा’ तिथूनच आला. आणि अवजार किती जुनं? इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईतही रंधे सापडले आहेत.

आमचं घर सुतारकीचं. सासऱ्यांच्या पेटीत पाच रंधे होते. दोन सागवानी, पाचर ठोकून पातं बसवायचे, आणि तीन लोखंडी. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहायचं काम माझं. पण बाईने हत्याराला हात लावायचा तो पूजेपुरताच! ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला, तेव्हा आमची कौलं उडाली आणि माळ्यावरची पेटी भिजली. खारा वारा, त्यात पाणी. बघता बघता सगळ्यावर गंज चढला. भंगारवाला किलोवर भाव करू लागला. एका पर्यटन-निवासाच्या मालकांना तेच रंधे सोनेरी रंग देऊन भिंतीवर टांगायचे होते. सासरे आता नाहीत, निर्णय माझ्यावर आला. दोघांनाही नाही म्हटलं आणि पेटी अंगणात उतरवली.

मैत्रिणींनो, जुना रंधा हाती आला तर आधी घासू नका, आधी वाचा. त्याचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या ‘स्टॅनले’ कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेली यांचा रंध्यांचा व्यवसाय घेतला. आजचे लोखंडी रंधे बहुतेक त्याच घडणीचे. पात्यामागच्या बैठकीजवळ पेटंटच्या तीन तारखा कोरलेल्या असतील, तर रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला. पातं दाबून धरणाऱ्या झाकणीचं भोक घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं असेल, तर तो १९३३ नंतरचा. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळेना, तेव्हा पितळी चाकीऐवजी काळ्या रबराची चाकी आली. आमच्या तिघांपैकी एकावर शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’चं नाव निघालं, तर एक आपल्याकडचा ‘अनंत’. खरखरीत कागदाने एकदम घासलं असतं तर ही अक्षरं कायमची गेली असती.

आता साफसफाई. स्क्रू हटत नसतील तर रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा, जोर करू नका. हे बिडाचं काम, पडलं की तडकतं. सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की गंज सुटतो. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच कोरडे करून मशीनचं तेल लावा, नाहीतर आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतात. लाकडी मुठीला जवसाचं तेल पुरतं, पॉलिश नको. झिजलेल्या मुठीवर वापरणाऱ्याच्या बोटांचे खळगे असतात, ते राहू द्या. पात्याला २५ अंशांची धार हवी आणि पाठ अगदी सपाट. धार लावायच्या दगडावर पातं एकाच कोनात धरून फिरवायचं. ज्या हातांनी विळीला वर्षानुवर्षं धार लावली, त्यांना हे अवघड जात नाही.

पाचपैकी चार रंधे चालू झाले. पाचव्याचं सागवान वाळवीने पोखरलं होतं, तो तसाच पेटीत आहे. त्याच्या टोकाला सासऱ्यांनी कोरलेली आद्याक्षरं मात्र शाबूत आहेत. प्रत्येक रंध्याबरोबर मी एक चिठ्ठी ठेवलीय. कुणाचा, कुठला, अंदाजे किती सालचा. वापरणाऱ्या माणसाबरोबर ही माहिती जाते, आणि मग उरतं ते खरंच किलोवर विकण्याचं लोखंड.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर भंगारवाल्याची हाक येण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना शेजारी बसवून उघडा.