चिकलठाण्याला उतरा, भडकल दरवाजा गाठा

कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटावर सकाळी पर्यटकांचं जहाज लागतं, संध्याकाळी सुटतं. तेवढ्या वेळात लोक विलेमस्टॅडचं जुनं बंदर पायी पालथं घालतात. मराठवाड्याला समुद्र नाही, पण छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला विमानतळ आहे. दोन विमानांमध्ये चार-पाच तास हाताशी असतील, तर रिक्षा धरून जालना रोडने क्रांती चौक आणि पुढे भडकल दरवाजा गाठावा. एवढ्या वेळात अजिंठा उरकायच्या भानगडीत पडूच नये.

हा दरवाजा १६१२ सालचा. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने बांधलेला. अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार फिरत तो निजामशाहीच्या चंगीझखानाच्या पदरी पडला. चंगीझखान राज्याचा पेशवा, आणि गंमत म्हणजे तोही हबशीच! पुढे अंबरच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच हे शहर. १६२६मध्ये तो वारला. नंतर आठच वर्षांनी डचांनी कुरसाव घेतलं आणि बघता बघता तिथे आफ्रिकी माणसांचा बाजार भरू लागला. एकाच खंडातून धरून नेलेली माणसं. तिकडे मालाच्या यादीत जमा झाली, इकडे त्यांच्यातल्या एकाने राजधानी उभी केली.

राजधानी उभी करणं एक वेळ सोपं, तिला पाणी पाजणं अवघड. अंबरने उत्तरेच्या डोंगरांतलं भूजल जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ना पंप, ना वीज. सगळा भरवसा उतारावर आणि पाणी आपली पातळी गाठतंच, या नियमावर. वाटेत उंच बंबे बांधले. पाणी आतल्या नळातून वर चढायचं, माथ्यावर उघड्यावर यायचं, हवा आणि जादा दाब तिथेच सुटायचा आणि ते दुसऱ्या नळाने खाली उतरायचं. म्हणून मातीचे नळ फुटत नसत.

हे तंत्र डोळ्यांनी पाहायचं तर मिल कॉर्नरवरून चालत पाणचक्कीला जावं. ही अंबरनंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली. तिची नहर वेगळी, पण युक्ती तीच. काही किलोमीटरवरून आलेलं पाणी उंच भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. हौदाच्या काठावर उभे असाल तर पायाखालीही लक्ष असू द्या: हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. एवढं पाणी डोक्यावर पेलून ते खांब उभे आहेत.

उन्हाळ्यात धार बारीक होते. जायचंच तर पावसाळा संपल्यावर जा.