पाच वॅटमध्ये जर्मनी? डीएमआरबद्दलचे गैरसमज

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गच्चीवरून पाच वॅटच्या हँडीवर (हातातल्या सेटवर) जर्मनीशी गप्पा झाल्या, असं एखाद्या हॅमने, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकाने, सांगितलं तर ते खोटं नसतं, अर्धवट असतं. त्या हँडीतून निघालेली लहर बहुधा खालच्या मजल्यावरच्या हॉटस्पॉटपर्यंतच गेलेली असते. हॉटस्पॉट म्हणजे रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर बसवलेलं, साधारण दहा मिलिवॅटचं रेडिओ कार्ड. तिथून पुढे आवाज वायफायने, मग केबलने ब्रँडमायस्टरसारख्या जाळ्याच्या सर्व्हरवर जातो आणि पलीकडच्या रिपीटरवरून (सिग्नल घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावरून) किंवा हॉटस्पॉटवरून पुन्हा लहरींवर येतो. डीएमआर म्हणजेच डिजिटल मोबाइल रेडिओ सुरू करताना रेडिओ कुठे संपतो आणि इंटरनेट कुठे सुरू होतं एवढं पक्कं केलं, की निम्मे गैरसमज तिथेच गळतात.

त्यातला सर्वांत महागात पडेल असा समज म्हणजे ‘महापुरात मोबाइल बंद पडले तरी डीएमआरवर जगाशी बोलता येईल’. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की हॉटस्पॉट नुसता डबा उरतो. हँडी मात्र निकामी होत नाही. दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात. बॅटरीवर चालणारा रिपीटर इंटरनेटशिवायही आपल्या टापूतली बोलणी पोहोचवतो. शिवाय बहुतेक डीएमआर सेटवर साधं एफएम असतंच, आणि माझ्या मते नवख्याने आधी त्यावरच हात बसवावा. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओ चालवत होत्या. तिथून मुख्य भूमीशी संपर्क झाला तो शॉर्टवेव्हवर, वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या लहरींनी. ते काम डीएमआरच्या व्हीएचएफ-यूएचएफ लहरींचं नव्हे.

‘डिजिटल आहे, म्हणजे पल्लाही जास्त’ हेही असंच. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो अँटेनाच्या उंचीवर. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणलं की रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातल्या सेटला ते जेमतेम पाच किलोमीटर. पन्हाळ्यासारख्या, पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच जागेला ऐंशीच्या पुढे. म्हणजे कागदावर सांगली-मिरज सहज कक्षेत, पण पश्चिमेला घाटाआडच्या खोऱ्यांत काहीच नाही, मग सेट एफएम असो की डिजिटल. फरक आहे तो पल्ल्याच्या कडेच्या वागण्यात. एफएमवर सिग्नल अशक्त होत गेला की खरखर वाढते, पण माणूस कळत राहतो. डीएमआर शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, मग आवाज यंत्रमानवासारखा तुटतो आणि एकदम गायब.

‘आयडी मिळाला म्हणजे परवाना झाला’ असं मानणारेही भेटतात. डीएमआरचा सात आकडी आयडी भारतात ४०४ ने सुरू होतो. तो नेटवर्कवरची ओळख आहे, सरकारची परवानगी नव्हे. किंबहुना आयडी मागताना परवान्याची प्रतच जोडावी लागते. परवाना देते दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा, परीक्षेनंतर. त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, तेव्हा ‘कट्ट-कडकट्ट शिकावं लागेल’ ही सबबही उरत नाही. ऑनलाइन मिळतो म्हणून सेट कायदेशीर ठरत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा काढल्या होत्या.

डिजिटल म्हणजे गुप्त, हा तर निव्वळ भ्रम. डीएमआर हे युरोपच्या एत्सी संस्थेचं २००५ पासूनचं खुलं मानक आहे. योग्य सेट असेल तो कुणीही ऐकू शकतो. सेटच्या मेनूत ‘प्रायव्हसी’ किंवा ‘एन्क्रिप्शन’ दिसतं, कारण हे सेट मुळात हॉटेलं, कारखाने, सुरक्षा कंपन्यांसाठी बनतात. हॅमने ते बंदच ठेवायचं. हॅमचं बोलणं उघडं असतं, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करायचं नसतं.

सेटमध्ये भरायच्या ‘कलर कोड’चा रंगाशी काही संबंध नाही. शून्य ते पंधरा यांतला तो एक आकडा. रिपीटरच्या आकड्याशी जुळला नाही तर रिपीटर तुम्हाला दाद देत नाही. ‘टाइमस्लॉट’ म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलचे आळीपाळीने येणारे ३० मिलिसेकंदांचे दोन वाटे. त्यामुळे एका रिपीटरवर दोन वेगळी संभाषणं एकाच वेळी चालतात. आणि डी-स्टार किंवा यासूच्या फ्यूजन पद्धतीचा सेट डीएमआरशी थेट बोलत नाही; तिन्ही पद्धती डिजिटल असल्या तरी भाषा तीन.

आता कोडप्लग, म्हणजे सेटमध्ये भरायची चॅनेलं, टॉकग्रुप (नेटवर्कवरचे क्रमांकित बोलण्याचे गट) आणि आयडी यांची फाइल. ‘इंटरनेटवरून तयार उतरवून घेतली की झालं’ या समजाने नवखा नकळत कायदा मोडतो. अमेरिकेत ७० सेंटिमीटरचा हॅम पट्टा ४२० ते ४५० मेगाहर्ट्झ आहे, भारतात फक्त ४३४ ते ४३८. तिकडच्या व्हिडिओत दाखवलेली ४४१ किंवा ४४६ ची हॉटस्पॉट फ्रिक्वेन्सी इथे हॅमची नाहीच, ४४६.० ते ४४६.२ हा तर विनापरवाना वॉकीटॉकींसाठी ठेवलेला तुकडा. भारतीय पट्ट्यातही ४३५ च्या पुढचा भाग हॅम उपग्रहांचा, तिथे हॉटस्पॉट लावला तर दुसऱ्या कुणाचा उपग्रह ऐकू येईनासा होतो. उरतो ४३४ ते ४३५. दहा मिलिवॅट असले तरी हॉटस्पॉट हा प्रक्षेपकच आहे, त्यालाही परवान्याच्या अटी लागू. हे सगळं जुळवल्यावर पहिला कॉल भारताच्या ४०४ टॉकग्रुपवर करू नका. ब्रँडमायस्टरवर ९९९० ला खासगी कॉल लावला की ‘पॅरट’ तुमचं बोलणं तुम्हालाच परत ऐकवतो. माइक फार जवळ धरला होता की लांब, ते तिथेच कळतं.