नवापूरचा रोग, भोपाळचे निदान

आनंदनगरची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था भोपाळकर वाचकांना परिचित असेल. तिचा महाराष्ट्राशी जडलेला संबंध मात्र थोड्यांनाच ठाऊक असावा. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरास कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने येथे आले आणि फेब्रुवारीत भारतातील पहिल्या बर्ड फ्लूचे निदान झाले. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. कुक्कुटपालकांवर संकट कोसळले.

एच५एन१ विषाणूचा जनुकसंच ८ तुकड्यांचा, सुमारे १३,५०० अक्षरांचा. भोपाळ व पुणे येथील शास्त्रज्ञांनी तो वाचून परदेशांतील विषाणूंशी ताडून पाहिला, तेव्हा त्याचे कूळ उमगले. विषाणू माणसाला बाधण्याच्या दिशेने बदलत आहे काय, हेही या अक्षरांवरून ताडता येते. म्हणूनच एका प्रयोगशाळेने वाचलेले इतरांना वेळीच कळणे अगत्याचे.