असं का? : सीसी जवळपास सारखे, स्वभाव वेगळे

सव्वाशेची बाइक विकून मोठी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसीची?’ हा प्रश्न अर्धाच आहे. रॉयल एनफिल्डची क्लासिक 349 सीसीची, केटीएमची नवी 390 ड्यूक 399 सीसीची. फरक पन्नासचा, ताकद मात्र 20 हॉर्सपॉवर आणि 45! असं का?

दोन्हींत सिलिंडर एकच. क्लासिकचा अरुंद नि उंच : व्यास 72 मिलिमीटर, पिस्टनची धाव 85.8. ड्यूकचा बसका : व्यास 89, धाव 64. म्हणजे इंजिनाच्या एका फेरीत क्लासिकचा पिस्टन वर-खाली मिळून 17 सेंटिमीटर पळतो, ड्यूकचा 13हून कमी. लांब ढांगा टाकणाऱ्याला पावलं भरभर उचलता येत नाहीत, तसंच हे. शिवाय रुंद सिलिंडरवर मोठ्या झडपा मावतात, हवा झटपट आत येते आणि इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या सहज गाठतं. जितके स्फोट जास्त, तितकी ताकद जास्त.

क्लासिकचा सर्वाधिक ओढण्याचा जोर मात्र 4000 फेऱ्यांनाच हाती येतो, ड्यूकचा 6500ला. रोजच्या गर्दीत सारखे गिअर बदलायचा कंटाळा असेल तर माझं मत क्लासिकला. फक्त तिचं वजन 195 किलो आहे. पैसे भरण्याआधी ती पार्किंगमधून एकट्याने मागे ओढून बघा.