एकाच खोक्यातील पिल्ले, पण पाय वेगवेगळे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ब्रॉयलर शेडमध्ये खोक्यांतून उतरणारी पिल्ले हिशेबाला ‘एक दिवसाची’ असतात. प्रत्यक्षात एकाच खोक्यातल्या दोन पिल्लांच्या वयात २४ ते ३६ तासांचाही फरक असू शकतो. पक्षी पुढे लंगडतो की नाही, याच्याशी या तासांचा संबंध असल्याचे संशोधनातून दिसते आहे.

कोंबडीचे अंडे उबायला साधारण २१ दिवस लागतात. पण हॅचरीतील हजारो अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. बहुतेक पिल्ले बाहेर आली की मगच ती यंत्रातून काढली जातात. तोवर आधी आलेली पिल्ले दाणापाण्याविना, पोटात उरलेल्या बलकावर तग धरतात. खुडूक कोंबडीखालीही पहिली पिल्ले अशीच थांबतात. पण ब्रॉयलरला वाढीची घाई असते. जेमतेम ४० ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. तो सगळा भार पायांवर येतो.

अंड्यात असताना हाडांसाठीचे बहुतेक कॅल्शियम कवचातून मिळते. पिल्लू कवच फोडून बाहेर आले की हा पुरवठा बंद होतो. मग आधार उरतो तो बलकाचा आणि पुढे खाद्याचा.

सिडनी विद्यापीठातील पीटर ग्रोव्हज आणि वेंडी म्युअर यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॉब जातीच्या लवकर फुटलेल्या पिल्लांमध्ये नडगीच्या हाडाचा एक दोष अधिक आढळला. यात हाडाच्या वरच्या टोकाशी मऊ कूर्चा तशीच राहते, तिचे पक्के हाड होत नाही. उबवणीच्या सुरुवातीला तापमान किंचित कमी ठेवले तर पिल्ले थोडी उशिरा फुटतात. त्यामुळे पायांच्या मजबुतीची सुरुवात हॅचरीतच होते.

लंगडेपणाला आनुवंशिकता, खाद्यातील फॉस्फरस व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि जंतुसंसर्ग हीही कारणे असतात. पण लंगडा पक्षी खाद्यापर्यंत पोचत नाही, वजन घटते आणि करारावर पक्षी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदलाही घटतो.

म्हणून पिल्ले यंत्रातून कधी काढली, हे हॅचरीला विचारून नोंदवावे. ब्रूडर आधीच उबदार ठेवावा आणि खोकी उतरताच पाणी व खाद्य द्यावे. वाट पाहून आलेल्या पिल्लाला शेडमध्ये आणखी थांबायला लावू नये.